दोन मनगटांवर दोन घड्याळं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. उलट आतून जरा गुदगुल्याच व्हायच्या. लिफ्ट ज्यातून वरखाली धावते त्या शाफ्टमध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस शंकेखोर नसता तर बत्तीस वर्षं टिकलाच नसता, असं त्याचं साधं गणित होतं. कुणी "मेन स्विच बंद केलाय" असं सांगितलं तरी हा चार जिने चढून स्वतः बघून येई. स्विच बंदच असे. मग हा टेस्टर लावी. टेस्टर पेटला नाही की टेस्टरवरच संशय, म्हणून शेजारच्या चालू बोर्डाला लावून तो पेटतोय ना ते बघे. एवढं झालं की मगच हात आत घाले.

सगळ्यात जास्त संशय मात्र त्याला बॅटरीचा. लिफ्टच्या केबिनमध्ये एक छोटी बॅटरी असते. वीज गेली की आतला दिवा आणि धोक्याची घंटा तिच्यावर चालायची असते. बड्या बड्या इमारतींत त्याने केबिनमध्ये टीव्ही पाहिला होता, गाणी ऐकली होती, एका ठिकाणी तर अत्तराचा फवारा उडत होता. आणि मेन बंद करून बघितलं की आत मिट्ट काळोख, घंटा मुकी. बॅटरी कधीच मेलेली. इमारतीचा सेक्रेटरी म्हणायचा, "कालपर्यंत चालू होती हो." शंकासुर नुसता मान हलवायचा. बॅटरी कधी गेली हे फक्त तिची गरज लागते तेव्हाच कळतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो एका सहा मजली इमारतीच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात पडला. कामावरचा जोडीदार दाराचा नवा रोलर आणायला गोदामात गेला होता. हा लोखंडी शिडीवरून उतरत होता. शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या असताना डोळ्यांसमोर अंधारी आली, आणि पुढचं आठवलं तेव्हा तो खालच्या फरशीवर आडवा होता. घोटा टम्म सुजलेला. फोन वर, हत्यारांच्या पेटीत. चाळीस मिनिटांनी जोडीदार आला तेव्हा हा भिंतीला टेकून बसला होता, आणि कुणी विचारायच्या आतच त्याने सांगून टाकलं, "तेलावरून पाय घसरला."

अंधारीबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. त्याच्या आधी दोनदा असंच झालं होतं, तेही त्याने गिळून टाकलं होतं. चक्कर येणाऱ्या माणसाला कुणी शाफ्टमध्ये सोडत नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना ऑफिसच्या खुर्चीत बसून चलनं फाडायची कल्पना त्याला सोसवत नव्हती.

घरी त्याने "पाय मुरगळला" एवढंच सांगितलं. पण जोडीदार दोन दिवसांनी तब्येतीची चौकशी करायला आला आणि चहा पिता पिता त्याने बिंग फोडलं.

"चाळीस मिनिटं!" मुलगी किंचाळली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचं काम करायची आणि गल्लीच्या टोकालाच राहायची. "चाळीस मिनिटं तुम्ही खड्ड्यात पडून होता, बाबा?"

"पडून नाही, बसून," तो म्हणाला.

बायको शेजारीच बसली होती. ती पडदे शिवायची. त्या वेळीही मांडीवर हातभर कापड होतं. तिने दोरा दाताने तोडला आणि मुलीकडे बघितलं. मुलीने तिच्याकडे बघितलं. ती नजरानजर शंकासुराने टिपली आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. या दोघींचं काहीतरी ठरलंय.

ठरलं होतंच. रविवारी मुलगी त्याला घड्याळाच्या दुकानात घेऊन गेली. तिने आधीच एक पसंत केलं होतं: मोठा, काचेचा, चकचकीत पडदा. त्यातूनच फोन करता येई, खिशात फोन नसला तरी. माणूस पडला तर ते ओळखून घरच्यांना आपणहून निरोप धाडी. हृदयाचा आलेख काढी. गाणी, नकाशे, हवामान, सगळं.

"आणि बॅटरी?" शंकासुराने विचारलं.

"दीड दिवस, काका," दुकानदार हसत म्हणाला. "दोन दिवसांपर्यंतही जाते."

"म्हणजे रोज काढून लावायचं?"

"झोपताना लावून टाकायचं. सवय होते."

मग त्याची नजर शेजारच्या खणातल्या एका साध्या पट्ट्यावर गेली. बोटाएवढा पडदा, वेळ, पावलं, झोप, नाडीचे ठोके. संपलं. बॅटरी चौदा दिवस.

"चौदा, की चौदापर्यंत?"

दुकानदाराचं हसू जरा ओसरलं. "पर्यंतच म्हणायचं. ते वापरावर असतं ना."

"मग काय न वापरता घ्यायचं?"

त्याने खोका मागून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेलं वाचत बसला. पडदा बंद ठेवल्यास. नाडी दर अर्ध्या तासाने मोजल्यास. निरोप न आल्यास. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली. मुलगी कानकोंडी झाली.

"बाबा, तुम्ही पडलात तर आम्हाला कळायला हवं म्हणून घड्याळ घेतोय. चौदा दिवस टिकून ते नुसती पावलंच मोजणार असेल तर काय करायचंय?"

"आणि मी पडलो त्याच वेळी तुझं ते मेलेलं असेल तर?"

दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटेना. शेवटी दुकानदारानेच सुचवलं, "कुणाचं तरी वापरून बघा आधी."

शंकासुराला हे पटलं. परीक्षेला तो कधीच नाही म्हणत नसे. जावयाकडे तेच मोठं घड्याळ होतं, वर्षभर वापरलेलं. जावई म्हणाला, "माझं जुनं झालंय बाबा, बॅटरी नव्यासारखी नाही राहिली." शंकासुर म्हणाला, "म्हणूनच हवंय. नवी असताना सगळ्याच गोड बोलतात."

साधा पट्टा ऑफिसात तक्रारी घेणाऱ्या बाईंकडे मिळाला. त्यांनी मागितल्याबरोबर काढून दिला, आणि लगेच त्याला वाटलं, इतक्या सहज का? साहेबांनी तर नाही ना सांगितलं, याच्यावर लक्ष ठेवा म्हणून?

"अहो, ड्रॉवरमध्ये धूळ खात होता म्हणून देतेय," बाई म्हणाल्या. "नको तर ठेवा तिथेच."

त्याने घेतला. पट्टा फोनला जोडताना फोनने त्याला सतरा परवानग्या विचारल्या. तुमचे संपर्क बघू का, निरोप वाचू का, तुम्ही कुठे आहात ते कळवू का. त्याने एकेक प्रश्न मोठ्याने वाचला आणि प्रत्येकाला "नाही" दाबलं. "नाडी मोजायला माझ्या मेव्हण्याचा नंबर कशाला लागतो यांना?" त्याने बायकोला विचारलं.  जावयाच्या घड्याळाची जोडणी मात्र मुलीने आधीच करून दिली होती. तिथे त्याने फारसं बघितलं नाही, हीच त्याची चूक झाली.

दुसऱ्या दिवसापासून तो दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं घालून कामावर जायला लागला. डावीकडे मोठं, उजवीकडे पट्टा. ऑफिसात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. त्याने एक छोटी वही केली आणि सकाळ-संध्याकाळ दोघांची टक्केवारी लिहू लागला.

पहिल्याच दिवशी त्याने खड्ड्यात उतरून मोठ्या घड्याळावरून बायकोला फोन लावला. लागला नाही. खाली रेंजच नव्हती. फोनलाही नसायची, हे त्याला ठाऊक होतं, पण घड्याळवाल्याने हे सांगितलं नव्हतं. संध्याकाळी त्याने मुलीला विजयी मुद्रेने ऐकवलं, "जिथे पडलो तिथेच तुझं मुकं."

"खड्ड्यात मुकं असेल. जिन्यात नाही, रस्त्यात नाही," मुलगी म्हणाली. "तुम्ही काय चोवीस तास खड्ड्यात असता?"

त्याने पुढची परीक्षा घेतली. पलंगासमोर उभा राहिला आणि धाडकन गादीवर पडला. घड्याळ गप्प. पुन्हा पडला. चौथ्या खेपेला बायको दारात आली.

"अहो, काय चाललंय?"

"पडतोय."

"बरं," ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती त्याच्याकडे फार वेळ बघत राहिली. त्याला वाटलं, ही काहीतरी विचारणार. पण ती आत गेली आणि मशीनची घरघर पुन्हा सुरू झाली.

गुरुवारी दुपारी तो एका दवाखान्याच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावरच्या मशीन रूममध्ये होता. गंजलेला एक बोल्ट सुटत नव्हता, म्हणून त्याने छिन्नी लावून घण मारायला सुरुवात केली. तिसऱ्या घावाला डावं मनगट थरथरलं. पडद्यावर अक्षरं आली: तुम्ही पडलात असं दिसतं. खाली आकडे उलटे धावत होते. जाड हातमोजे. एक काढेपर्यंत आकडे संपले आणि निरोप गेला.

"गादीवर चारदा पडलो तेव्हा झोपला होतास का?" तो घड्याळावर खेकसला. जोडीदार पोट धरून हसला.

वीस मिनिटांत मुलगी जिना चढून वर आली. लिफ्ट बंद असल्याने नऊ मजले. अंगात दुकानाचा पांढरा कोट, हातात डोळे तपासायच्या काचांचा डबा तसाच. एका आजोबांना खुर्चीत चाचणीची फ्रेम लावून बसवलं होतं, ते तसेच सोडून ती पळत आली होती. बाप धडधाकट उभा दिसला तशी ती जिन्यावरच मटकन बसली.

तो तिला पाणी द्यायला पुढे झाला आणि बाटली देता देता थबकला. "मी या इमारतीत आहे हे तुला कुणी सांगितलं?"

ती पाणी प्यायली. बराच वेळ प्यायली.

"फोन का नाही केलास? सरळ इथेच कशी आलीस?"

"निरोपात येतं ते," ती म्हणाली. मग मान वर करून म्हणाली, "आणि एरवीही दिसतं. जोडताना मी चालू करून ठेवलंय."

"म्हणजे पाळत!"

जोडीदाराने हत्यारं उचलली आणि काहीतरी आणायला म्हणून खाली सटकला.

"हो, पाळत," मुलगी म्हणाली. ती मागे हटली नाही. "आता मी विचारते. काल संध्याकाळी तुम्ही आईला सांगितलंत, काम लांबलं. तुम्ही बागेच्या बाकावर होता. पस्तीस मिनिटं, एकाच जागी. का?"

 काल बागेवरून येताना पुन्हा तशीच अंधारी आली होती. तो बाकाला धरून बसला होता, जग पुन्हा ताठ उभं राहीपर्यंत.

"वारा खात होतो," तो म्हणाला.

"तुम्ही? वारा?"

 ती उठली, कोटाची धूळ झटकली आणि जाता जाता म्हणाली, "घड्याळ काढायचं तर काढा. पण तुम्ही काहीतरी लपवताय, हे मला घड्याळाच्या आधीपासून माहीत आहे."

त्या दिवशी तो घरी गेला तो धुमसतच. पोटच्या पोरीने पाळत ठेवावी! मोठं घड्याळ काढून जावयाच्या तोंडावर फेकावं, असं दहादा मनात आलं. पण परीक्षा अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने फक्त त्यातलं "ठिकाण कळवा" बंद केलं आणि वहीत तशी नोंद केली.

आठवडा भरला. मोठं घड्याळ एकदाही पूर्ण दीड दिवस टिकलं नव्हतं. रोज झोपायच्या आधी ते चार्जरवर जाई. पट्टा बेचाळीस टक्क्यांवर होता. चौदा दिवस ही बढाई निघाली असती तरी बारा कुठे जात नव्हते. निकाल लागल्यासारखाच होता. आता मुलीला दाखवायला नेमके आकडे हवेत, म्हणून सकाळी चहाबरोबर तो फोनमध्ये पट्ट्याच्या नोंदी उघडून बसला. पावलं, झोप, नाडी. नाडीची रेघ दिवसभर नागमोडी होती. पहाटेच्या बाजूला ती खाली घसरली होती. त्याने बोट ठेवून मिनिटाचे ठोके बघितले. सदतीस.

आधीचा दिवस काढला. एकोणचाळीस. त्याच्या आधीचा, अडतीस. आणि तिथेच रेघ मधेच तुटलीही होती.

पहिला संशय अर्थातच पट्ट्यावर. स्वस्तातली वस्तू, धूळ खात पडलेली, तिचं काय ऐकायचं? मोठ्या घड्याळात यातलं काही नव्हतं. पण तेही त्याच्या लगेच ध्यानात आलं: मोठं घड्याळ त्या वेळी हातावर नसायचंच. हृदयाचा आलेख काढणारं, पडलं तर ओळखणारं ते हुशार यंत्र रोज पहाटे टेबलावर पडून स्वतःचं पोट भरत असायचं.

त्या दिवशी त्याने मोठं घड्याळ कामावरून आल्या आल्या चार्ज केलं आणि झोपताना दोन्ही घातली. सकाळी दोन्हींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. पट्टा सांगत होता सदतीस. मोठं सांगत होतं अडतीस. वर मोठ्या घड्याळाने एक सूचनाही टाकली होती, की ठोके फार वेळ फार कमी होते, डॉक्टरांना भेटा.

 एक साक्षीदार खोटा असू शकतो. पण दोन वेगळ्या कारखान्यांतले, एकमेकांना कधी न भेटलेले साक्षीदार एकच खोटं कसं बोलतील? तरीही त्याने तिसरी परीक्षा घेतली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मनगटावर बोटं ठेवली आणि मोजलं. त्रेचाळीस. जागा असताना, चहा पिऊन, त्रेचाळीस. आणि मोजता मोजता एकदा बोटांखालचा ठोका चुकला. त्याला वाटलं बोट सरकलं. बोट सरकलं नव्हतं.

बत्तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या यंत्रांवर संशय घेतला होता. एवढ्या वर्षांत आतल्या या एका यंत्राचा मेन स्विच त्याने कधी तपासला नव्हता. उलट ते कुरकुरलं तेव्हा त्याने, त्या सेक्रेटऱ्यांसारखंच, कालपर्यंत चालू होतं म्हणून सोडून दिलं होतं.

बायको पडद्याला कड्या लावत होती. तो तिच्यासमोर स्टुलावर जाऊन बसला.

"खड्ड्यात पाय घसरला नव्हता," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या बुटांच्या तळव्यांना तेल नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही केव्हा बोलताय ते बघत होते. मधे पलंगावर पडायला लागलात, तेव्हा मात्र घाबरले." तिने कडी खाली ठेवली. "चला. पोरीलाही बोलावते."

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी त्याच्या छातीला तारा चिकटवून एक छोटं यंत्र कमरेला बांधलं. ते दिवसभर सगळे ठोके लिहून घेणार होतं. "याची बॅटरी किती?" त्याने विचारलं. मुलीने कपाळावर हात मारला. "दोन दिवस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि मला एकच दिवस हवाय." हे उत्तर त्याला आवडलं.

निकाल आला तो असा: हृदयाला ठोक्याचा हुकूम देणारी वीज मधूनच थबकत होती. एकदा तर चार सेकंद. कॉलरच्या हाडाखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवावा लागणार होता.

"तो किती वर्षं चालतो?"

"आठ ते दहा."

"आठ, की दहा?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "आठ धरून चाला. मग बॅटरीची डबी बदलायची, तारा बहुधा त्याच राहतात. आणि ती संपत आली की महिनोन्महिने आधी तपासणीत कळतं."

मग त्यांनी दोन नमुने समजावले. एक साधा. दुसरा आपल्या नोंदी आपणहून दवाखान्याकडे पाठवणारा. ठोका बिघडला तर तिथे आधी कळेल, पण त्यात बॅटरी थोडी जास्त जाते. आठाचे साडेसात होतील.

खोलीत सगळे त्याच्याकडे बघू लागले. मुलगी तोंड घट्ट मिटून बसली होती. आपण काही बोललो तर बाबा नेमकं उलटं करतील, हे तिला अनुभवाने माहीत होतं. त्याने हिशेब केला. बॅटरीचं सहा महिने जादा आयुष्य, ते गप्प राहण्याच्या बदल्यात. बागेतला बाक त्याला आठवला. पस्तीस मिनिटं.

"बोलणारा द्या," तो म्हणाला. "मी स्वतःहून सांगत नाही, हे एव्हाना सिद्ध झालंय."

शस्त्रक्रिया तासाभरात झाली. महिन्याने तो कामावर गेला तो सरळ साहेबांच्या खोलीत, आणि चारही वेळच्या अंधारीसकट सगळं सांगून मोकळा झाला. आपल्याला हाकलतील असा त्याचा ठाम संशय होता. साहेबांनी त्याला शाफ्टमधून काढलं, पण खुर्चीत नाही बसवलं. दुरुस्त होऊन आलेली दारांची कुलपं आणि ब्रेक बसवायला जाण्याआधी तपासायचं टेबल त्याला दिलं. त्याच्या सहीशिवाय एक वस्तू बाहेर जायची नाही. लवकरच सगळ्या पाळ्यांतले लोक त्या टेबलाला टरकून असायला लागले. तरी शाफ्टमधला तेलाचा वास त्याला अधूनमधून आठवे. जुन्या जोडीदाराला तो रोज त्याच्या नव्या जोडीदाराबद्दल विचारी, आणि ऐकून घेतलेल्या प्रत्येक गोष्टीत एक तरी खोट काढी.

मोठं घड्याळ त्याने जावयाला परत केलं. पट्टा बाईंना परत द्यायला गेला, तर त्यांनी घेतला नाही. दोन-तीन दिवस तो या औदार्यामागचं कारण शोधत होता. सापडलं नाही, म्हणून नाइलाजाने वापरू लागला.

तीन महिन्यांनी एका दुपारी चष्म्याच्या दुकानात मुलीचा फोन वाजला.

"आज जिना चढताना जरा धाप लागली," बाप म्हणाला. "म्हटलं आपणच सांगावं."

"किती मजले चढलात?"

"तीन."

"बाबा."



"पाच," तो म्हणाला. "पण हळूहळू."